ताई, सांडशीला काय म्हणतात तेच आठवेना

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय. मूळ पत्र चार पानी आहे, थोडं आटोपतं घेऊन देतेय, नाव अर्थातच नाही.

"ताई, वय ४६. फोर्टला एका इन्शुरन्स ऑफिसात क्लेम्सला आहे, बावीस वर्षं झाली. घरी नवरा, बारावीतला मुलगा, ७८ वर्षांच्या सासूबाई. गेले सात-आठ महिने डोक्यात कापूस भरल्यासारखं झालंय. परवा गॅसवर दूध उतू जात होतं आणि मी मुलाला ओरडतेय की ते दे, ते दे ना लवकर, अरे ते, ज्याने पातेलं धरतात ते! सांडशी हा शब्दच आठवेना. आधी तो हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाला. ऑफिसात एका क्लेममध्ये एक शून्य जास्त टाकला, वरच्या चेकिंगला पकडला गेला म्हणून वाचले. एकच मेल तीनदा वाचते तरी शेवटाला आले की सुरुवात पुसलेली असते. माझ्या आईला शेवटी स्मृतिभ्रंश झाला होता, मला ओळखायची नाही. त्यामुळे रात्री तीनला घामाघूम होऊन जाग आली की एकच विचार, माझंही सुरू झालं का?

पाळी वर्षभर कधी वीस दिवसांनी कधी पन्नास, आणि आली की दोन-तीन दिवस भयंकर जाते. तळपायाला मुंग्या येतात. मागच्या वर्षी चेकअपमध्ये हिमोग्लोबिन १०.४ आलं, म्हणाले बॉर्डरलाइन आहे, पालक-बीट खा. ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी, तीनेक वर्षं. झोप येत नाही म्हणून अधनंमधनं सर्दीची गोळी. केसांसाठी बायोटिन. शाकाहारी आहे, अंडंही नाही, सोमवार आणि चतुर्थी. चहा सहा-सात कप, त्यावरच चालतं डोकं. नऊला जेवणं, मग ओटा, कणीक, भाजी चिरणं, दही लावणं, दहाला सासूबाईंच्या गोळ्या, साडेअकराला मुलाचं दूध, मग तासभर फोन बघत पडते, तेवढाच माझा वेळ. साडेबाराला झोप, पावणेपाचला उठणं.

नेटवर वाचून सेल्फ केअर पण करून बघितली. पाच बदाम, अश्वगंधा, मेडिटेशनचं ॲप, कृतज्ञतेची डायरी. डायरी चार दिवस चालली. ॲप रोज सांगतं की आज तुम्ही ध्यान केलं नाही, म्हणजे अजून एक न झालेलं काम. नवरा म्हणतो तू टेन्शन फार घेतेस. धाकटी बहीण समजून सांगा, करू तरी काय?"

बहीण म्हणालीस ना, मग सरळ अगं-तुगं करते, चालेल?

आधी ते रात्री तीनचं बघू, कारण ते मनातून गेल्याशिवाय बाकीचं तुझ्या डोक्यात शिरणार नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुला काय झालंय हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण तू चार पानं लिहिलीस, त्यात तारखा आहेत, हिमोग्लोबिनचा आकडा पॉइंटसकट आहे, मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटलं तेही आहे. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला बऱ्याचदा आपण विसरतोय हेच ठाऊक नसतं, घरच्यांच्या आधी लक्षात येतं. आईच्या वेळेला तूच बघितलंयस की ते. तुझं उलटं आहे, तुला प्रत्येक विसरणं लख्ख आठवतंय आणि नवऱ्याला पत्ताच नाही! शिवाय शेहेचाळिसाव्या वर्षी तो आजार होणं फार क्वचित. तेव्हा ती भीती मनाच्या बॅक बेंचवर बसव, डॉक्टरांना आईचं जरूर सांग, पण रोज रात्री तिची उजळणी नको.

आता माझं ऐक. मी एकोणपन्नासची असताना एकदा स्टेशनवरून रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगितला माहेरचा. चोवीस वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा! तो बिचारा म्हणाला बाई ते गाव इथे नाही. मी हसले, उतरले, आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पहिले ज्यांना दाखवलं ते म्हणाले वय झालं आता, ध्यान करा, मन रमवा. मी दोन महिने मन रमवलं. मग दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी साधी थायरॉइडची टेस्ट लिहून दिली, तर त्यातला टीएसएच हा आकडा अकराच्या वर, जो साधारण चारच्या आत असायला हवा, थायरॉइड मंदावलेलं. म्हणजे मी जे मन रमवत होते ना, ते हँडब्रेक ओढून गाडी चालवणं होतं. हे सांगायचं कारण असं नाही की तुलाही थायरॉइडच असेल. सांगायचं इतकंच की ब्रेन फॉग, म्हणजे तुझ्या डोक्यातलं हे कापसासारखं धुकं, हे कुठल्या आजाराचं नाव नाही, ताप जसं नुसतं लक्षण तसंच हे, आणि ताप आला की आपण डायरी लिहायला बसत नाही, आधी बघतो कशाने आलाय.

आणि तुझ्या पत्रात 'कशाने' इतकं सांडलंय की मला पेन घेऊन रेघा माराव्या लागल्या.

पहिली रेघ त्या १०.४ खाली मारली, दोनदा. बॉर्डरलाइन म्हणे! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, आणि ११ च्या खाली गेलं की तो सौम्यसुद्धा राहत नाही, मध्यम होतो. पण आपल्याकडे बाईचं दहा-साडेदहा बघून कुणाची भुवईच वर जात नाही, कारण सगळ्यांचंच तेवढं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. म्हणजे लेडीज डब्यात तुझ्यासमोर दांडी धरून उभ्या असलेल्या निम्म्याअधिक. सगळ्यांनाच आहे म्हणून ते नॉर्मल होत नाही गं. रक्तातून मेंदूला ऑक्सिजन पोचवायचं काम हिमोग्लोबिनचं, ते कमी असेल तर डोकं चालणार कशावर, चहावर?

चहावरच चालवतेयस तू. आणि इथे एक रहाटगाडगं आहे ते बघ. पाळीत रक्त जातंय, त्याबरोबर लोह जातंय. त्यामुळे थकवा, थकव्यावर चहा. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातले टॅनिन अन्नातलं लोह धरून ठेवतात, ते फार कमी अंगी लागतं, मग तुझं पालक-बीट बरंचसं गेलं कुठे तर गटारात. रिकाम्या पोटी चहा घेतला की ॲसिडिटी. ॲसिडिटीला रोजची गोळी. त्या गोळीचं कामच पोटातलं आम्ल कमी करायचं, पण ते आम्ल देवाने उगाच नाही दिलेलं, अन्नातलं लोह आणि बी ट्वेल्व्ह मोकळं करायला ते लागतं. वर्षानुवर्षं गोळी चालू राहिली की तीही आवक कमी होते. मग आणखी थकवा, आणखी चहा. एकेक गोष्ट तशी साधी, पण एकीच्या पाठीला दुसरी. आता हे वाचून ती गोळी उद्यापासून फेकू नकोस हां, अशी एकदम बंद केली की ॲसिडिटी दुप्पट जोराने उसळते. डॉक्टरांना फक्त विचार की मी ही तीन वर्षं घेतेय, अजून गरज आहे का, आणि बंद करायची तर कशी. मेडिकलवाल्याने दिली म्हणून चालू आहे हे कारण त्यांना पुरणार नाही, तुलाही पुरू देऊ नकोस.

बी ट्वेल्व्हचा विषय निघालाच आहे तर त्या तळपायाच्या मुंग्या. हे जीवनसत्त्व मुळात प्राण्यांकडूनच मिळतं, मांस-मासे-अंडी आणि आपल्यासाठी दूध-दही. पूर्ण शाकाहारी, त्यात घरात दूध मुलाला आणि सासूबाईंना, तुझ्या वाट्याला चहात पडेल तेवढं, वर ती गोळी. लिव्हरमध्ये याचा साठा बरीच वर्षं पुरतो म्हणून कमतरता गुपचूप येते, मग हातापायाला मुंग्या, विसरणं, चिडचिड असं एकेक सुरू होतं. रिपोर्टमध्ये साधारण २०० च्या खाली आलं तर कमी धरतात, २०० ते ३०० मध्ये असेल तर तेही ओके म्हणून सोडायचं नाही, मुंग्या येतात हे डॉक्टरांना तोंडाने सांगायचं. कारण फार काळ तसंच राहिलं तर नसांचं नुकसान भरून येईलच असं नाही. आणि कुणी सांगेल स्पिरुलिना नावाची शेवाळाची पूड घे, आंबवलेलं खा, त्यात असतं, तर त्यावर विसंबू नकोस. कमी निघालं तर गोळ्या किंवा इंजेक्शन, जे लिहून देतील ते, पूर्ण कोर्स. एक इंजेक्शन घेऊन बरं वाटलं म्हणून पुढची चार बुडवणाऱ्या बायका मला माहितीयेत, त्यातली एक मीच. अजून एक, टेस्टच्या आधीच पटकन मल्टिव्हिटॅमिन सुरू करू नकोस, रिपोर्टचा घोळ होतो.

घोळावरून आठवलं, ते केसांचं बायोटिन. हे कुणी सांगतच नाही! जास्त डोसचं बायोटिन अंगात असेल तर थायरॉइडच्या टेस्टचे आकडे खोटे येऊ शकतात. रक्त द्यायच्या आधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेव आणि घेत होते हे सांग. अश्वगंधाही सांग. ती घरगुती म्हणून डॉक्टरांना सांगायची नसते असं आपल्या डोक्यात असतं, पण तिचा थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, आणि क्वचित कुणाला लिव्हरला त्रास झालेला आहे. बदाम मात्र खा बाई, बदामांशी माझं भांडण नाही, फक्त पाच बदामांवर बावीस वर्षांचा थकवा उतरवायची जबाबदारी टाकू नकोस.

मग पाळी. ४६ म्हणजे आपल्याकडे पाळी जायच्या आसपासचंच वय. त्याच्या आधीची काही वर्षं, पेरिमेनोपॉज म्हणतात ती, हार्मोन्स सरळ उतरत नाहीत, घाटातल्या एसटीसारखे वर-खाली आदळत उतरतात. रात्रीचा घाम त्याचाच असेल, शब्द न सापडणंही त्यातलंच असू शकतं. अमेरिकेत १९९६ पासून 'स्वान' नावाचा अभ्यास चालू आहे, तीन हजारांहून जास्त बायकांना त्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलं, तर त्यात दिसलं की या मधल्या काळात नवीन गोष्ट डोक्यात बसण्याचा वेग जरा मंदावतो आणि पाळी पूर्ण गेल्यावर सरासरीने तो परत जागेवर येतो. परत येतो, हे दोन शब्द कुठेतरी लिहून ठेव. पण एवढं रक्त जातंय ते मात्र 'या वयात असंच असतं' म्हणून सोडायचं नाही. गायनॅकॉलॉजिस्टकडे जायचं, सोनोग्राफी सांगितली तर करायची, कारण गर्भाशयात गाठी आहेत का अस्तर वाढलंय का हे बघावंच लागतं. मडक्याला खाली भोक असताना वरून पाणी ओतत बसण्यात काय अर्थ आहे? रात्रीच्या घामावरही उपचार असतात, गोळ्या असतात, हार्मोन्सच्या असतात नि बिनहार्मोन्सच्याही, कुठली कुणाला चालेल ते त्या बघून सांगतील. लाजू नकोस आणि 'घाम काय, डोंबिवलीत सगळ्यांनाच येतो' असंही म्हणू नकोस.

आणि झोपेसाठी सर्दीची गोळी घेणं आजपासून बंद. त्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते, आठवण ठेवायच्या कामात मेंदूला जे रसायन लागतं त्याच्याच त्या आड येतात. धुकं आहे म्हणून झोप, झोपेसाठी गोळी, गोळीने अजून धुकं.

तर या आठवड्यात एक सकाळ काढ. हाफ डे टाक, शनिवारची वाट बघू नकोस, शनिवारी किराणा येतो. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन म्हण की मला सीबीसी म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी, फेरिटिन, बी ट्वेल्व्ह, टीएसएच, शुगर आणि व्हिटॅमिन डी करायचंय, त्यात त्यांना काही कमी-जास्त करायचं तर करू दे. फेरिटिन मुद्दाम मागून घे, ते लोहाच्या साठ्याचं मोजमाप, नुसत्या हिमोग्लोबिनवरून ते कळत नाही. नवऱ्याला किंवा मुलाला विचार की मी घोरते का, झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, असेल तर तेही सांग. लोहाची गोळी मिळाली तर लिंबूपाण्याबरोबर, चहा-दूध-कॅल्शियमपासून लांब. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन महिन्याभरात हलायला लागतं पण साठा भरायला तीनेक महिने लागतात, तोपर्यंत 'काही फरक नाही' म्हणून डबी कपाटात टाकायची नाही. थायरॉइड निघाला तर ती गोळी पहाटे उपाशीपोटी, निदान अर्धा तास चहा नाही, आणि लोहाच्या गोळीत नि तिच्यात चार तासांचं अंतर. मी हे अंतर पाळत नव्हते, सहा महिने नुसती गोळ्यांची किंमत भरली.

एक फक्त वेगळं. अचानक बोलणं जडावलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय ढिला पडला, किंवा कधी झालं नाही असं डोकं दुखलं, तर तो ब्रेन फॉग नाही, सरळ मोठं हॉस्पिटल, तेव्हा मिनिटं मोजायची असतात.

आता सेल्फ केअर. मला या शब्दाचा खरं तर वैताग येतो, कारण तो बायकांच्या यादीतच अजून पाच कामं चढवतो. तुझ्या पत्रात मी रात्रीचा हिशोब मांडला. साडेबारा ते पावणेपाच म्हणजे सव्वाचार तास, त्यात तीनला जाग. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात. रोजचे पावणेतीन तास तू मेंदूकडून उधार घेतेयस आणि वर त्यालाच विचारतेयस की सांडशी का आठवत नाही! झोपेत मेंदू दिवसभराचं सटरफटर आवरतो, कुठलं ठेवायचं कुठलं टाकायचं ते लावतो. ते आवरायच्या आतच तू दिवा लावतेस.

तेव्हा नवीन काही करायचं नाहीये, पहिलं काम आहे कमी करायचं. कणीक. रात्री कणीक कोण म्हणालं तूच भिजवायची? पोळ्या बाहेरून आणल्या तर डोंबिवलीत काय आकाश कोसळणार आहे, गल्लीगल्लीत पोळी-भाजी केंद्रं आहेत तिथे. रोज जमणार नसेल तर आठवड्यातले तीन दिवस. भाजी नवरा चिरेल, जाडी चिरेल, चालेल, पोटात गेल्यावर कुणी मापत नाही. दही लावायला दोन मिनिटं लागतात, बारावीतल्या मुलाला दूध कोमट आहे का ते बोटाने कळतं, त्यालाच ते शिकव, आणि साडेअकराला स्वतःचं दूधही तो स्वतःच गरम करून घेईल, इंजिनिअरिंगला जायचंय ना त्याला. सासूबाईंच्या गोळ्यांसाठी सात खणांची डबी मिळते मेडिकलमध्ये, रविवारी नवऱ्याने भरायची आणि दहाला त्यानेच द्यायची, आई त्याची आहे. हे कठोर वाटेल. पण 'मी तुला मदत करतो' या वाक्यात काम तुझंच राहतं आणि तो पाहुणा. त्याला मदत मागू नकोस, काम देऊन टाक, आणि मग मागे उभी राहून बघू नकोस.

राहिला तो फोनचा तास. तेवढाच माझा वेळ, असं लिहिलंयस ना, ते वाचून मला जरा गलबललं. तो काढून घे असं मी म्हणणार नाही. दिवसभर दुसऱ्यांना वाटलेली बाई रात्री अंधारात स्वतःचं थोडंसं ओरबाडून घेते, मला माहितीये ते. पण तो तास आधी घे की. जेवणं झाली की ओटा बाकीच्यांवर सोडून खोलीत जा, दार लाव, बघ काय रील्स बघायच्यात त्या, मैत्रिणीला फोन कर, नुसती छताकडे बघ. दहाला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. साडेदहाला अंथरुणात गेलीस तरी पावणेपाचपर्यंत सव्वासहा तास होतात, आणि पोळ्या सुटल्या तर उठणंही सव्वापाचला जाईल. झाले की जवळजवळ सात. पहिले आठ-दहा दिवस झोप येणार नाही, चुळबुळशील, चालू दे. तीनला जाग आलीच तर घड्याळ बघू नकोस, फॅन वाढव, सुती गाऊन बदलायला उशाशी असू दे, आणि स्मृतिभ्रंश असं सर्च करू नकोस.

शेवटचा चहा दुपारी तीनला. चहातलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, सहाचा चहा अकरालाही अंगात अर्धा शिल्लक असतो. सात कपांवरून एकदम शून्यावर येऊ नकोस, डोकं भणभणेल, दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी कर. आणि सकाळचा पहिला चहा काहीतरी खाऊन. तू सकाळी काय खातेस ते पत्रात नाहीच, याचाच अर्थ मला कळला. चार डबे भरून स्वतः उपाशी लोकल पकडणाऱ्या बाईला साडेअकराला मेलचं पहिलं वाक्य आठवत नसेल तर त्यात नवल काय! आदल्या रात्रीची भाकरी नि दही, मूठभर शेंगदाणे-गूळ, काहीही, पण पोटात. आणि घरात सगळ्यांचं वाढून झाल्यावर तळाशी उरलेली आमटी हे तुझं जेवण नाही. ताट घेऊन त्यांच्याबरोबर बसायचं, वरणातली डाळ आपल्या पानात पण येते का ते बघायचं. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन तीन वाजता जी गुंगी येते ती भक्तीने येत नाही, ती नुसत्या पिष्टाने येते. सोमवार सोडायला मी सांगत नाहीये, खिचडीत दाण्याचं कूट दुप्पट घाल, बरोबर वाटीभर दही, नाहीतर राजगिऱ्याचं काही. आणि पाणी, लोकलमध्ये अडचण नको म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही, हे तुला मी सांगायला हवं का.

ऑफिसातलं. धुकं विरेपर्यंत डोक्यावर कमी भरवसा ठेवायचा आणि कागदावर जास्त. एक वही, एकच, चार ॲप नकोत. डोकं त्यातल्या त्यात ताजं असतं त्या सकाळच्या दोन तासांत मोठे क्लेम्स, दुपारी मेलबिल. आकडा टाकला की बोट ठेवून ओठ हलवत वाच, आपल्या शाळेतल्या बाई पटावरची नावं वाचायच्या तसं. एका फाइलमध्ये असताना दुसरीचा फोन घेतला की परत आल्यावर मन अर्धं तिकडेच राहतं, हे सगळ्यांचं होतं, तुझं जास्त होतंय इतकंच, म्हणून उठायच्या आधी शेवटची ओळ कुठे होती ते वहीत खरड. घरी दूध गॅसवर असताना ओट्यापासून हलायचं नाही, हलायचंच असेल तर आधी गॅस बंद. दुपारी जेवून झाल्यावर दहा मिनिटं चाल, फोर्टात सावलीला कमानी आहेत भरपूर, जेवणानंतरची सुस्ती बरीच कमी होते.

ते ध्यानाचं ॲप आजच काढून टाक. कृतज्ञतेची डायरी किराण्याच्या यादीला वापर, पानं चांगली असतात.

एक ओळ मात्र राहून राहून माझ्या डोळ्यासमोर येतेय, मूळ पत्रात तिसऱ्या पानावर खाली लिहिलीयेस, वर मी ती गाळली होती, की 'हल्ली रडूही येत नाही, काहीच वाटत नाही'. हे दोन आठवड्यांहून जास्त, रोज, दिवसाचा बराच वेळ असेल तर रिपोर्टच्या यादीत हेही तोंडाने सांग. डिप्रेशन दर वेळी रडत येत नाही, कधीकधी ते असंच कापूस भरून येतं, आणि त्यातही शब्द सापडत नाहीत. कुणाशी लगेच बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. रात्री तीनलासुद्धा.

नवऱ्याला हे पत्र दाखव. पूर्ण नको वाटलं तर हिमोग्लोबिनपासूनचं दाखव, पुरुषांना आकडे पटतात. तू टेन्शन घेतेस म्हणाला ना, मग त्याला विचार की हे टेन्शन मी ठेवू कुठे, तू घेतोस का थोडं? चिडून नको, खरंच विचार. तुझा मुलगा तर तयारच आहे बघ. ज्या पोराने आईच्या तोंडाकडे बघून हसू गिळलं ना, त्याला फक्त काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही.

रिपोर्ट आले की मला कळव, आकड्यांसकट. आणि हो, आज रात्री कणीक भिजवू नकोस.